सजद्यात जाताना घर फिरतंय? आधी कान तपासून घ्या

फजरला अंथरुणातून उठताना, कुस बदलताना किंवा सजद्यात डोकं टेकताना अचानक सगळं घर गरगर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं. चौसाळ्यासारख्या गावात याला बीपी, अशक्तपणा नाहीतर नजर लागणं म्हणतात. सलाईन लावतात, चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. खरं तर अशा बऱ्याच जणांचा बिघाड कानात असतो.

आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले, की डोकं हलताच चक्कर येते. डॉक्टर याला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. गोळीने मळमळ दबते, कण मात्र तिथेच राहतात.

ते बाहेर काढण्याची पद्धत अमेरिकेचे डॉ. जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांची टिंगलच झाली होती! आज ती जगभर वापरतात. यंत्र लागत नाही, एक पलंग पुरतो. आधी डॉक्टर रुग्णाला झटकन आडवं करून बुबुळं कशी थरथरतात ते बघतात, त्यावरून बिघडलेला कान कळतो. समजा उजवा निघाला. बसून मान उजवीकडे वळवायची, सलाम फेरताना वळते त्याच्या साधारण निम्मी. तसंच पाठीवर आडवं व्हायचं, डोकं थोडं मागे लोंबतं. चक्कर थांबेपर्यंत, अर्धा-एक मिनिट, थांबायचं. मग डोकं न उचलता मान तेवढीच डावीकडे. पुन्हा थांबून डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी हळूच उठून बसायचं. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. काहींना पुढे परत त्रास होतो, तेव्हा पुन्हा करता येतं.

कान ठरल्याशिवाय मोबाईलवर बघून घरी करू नका, मानेचा किंवा मणक्याचा आजार असेल तर मुळीच नको. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. तोवर बाइक आणि शिडी टाळा. सजदा जमत नसेल तर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा.

मात्र चक्कर थांबतच नाही, जीभ अडखळते, एकाचे दोन दिसतात, हात-पाय लुळा पडतो किंवा चालताच येत नाही, असं झालं तर कानाचा विचार सोडा आणि लगेच १०८ ला फोन लावा.