रिजवरचा बर्फ

नोकरीनिमित्त शिमल्यास आलो, त्यानंतरच्या पहिल्याच २६ जानेवारीला आम्ही सहकुटुंब रिजवर संचलन पाहायला गेलो. स्वेटरवर स्वेटर, कानटोप्या, हातमोजे असा सगळा जामानिमा होता. तरी पायांची बोटे अर्ध्या तासात बधिर झाली. पोलीस, होमगार्ड, एनसीसीची मुलेमुली पावले टाकत पुढून गेली. आमच्या घरच्या मंडळींनी मात्र एकच प्रश्न लावून धरला होता, "हा सोहळा एवढ्या थंडीत कशाला?"

शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "यह तो धूप है। उस दिन बर्फ थी।"

तो दिवस म्हणजे २५ जानेवारी १९७१. याच रिजवर, भर हिमवर्षावात, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हिमाचल प्रदेश हे देशाचे अठरावे राज्य झाल्याची घोषणा केली होती. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे खरे. पण बर्फ अंगावर घेत जे हजारो पहाडी लोक उभे राहिले, ते काही नुसते प्रचाराचे भाषण ऐकायला आलेले नव्हते. त्यांनी तेवीस वर्षे वाट पाहिली होती.

१५ एप्रिल १९४८ रोजी सुमारे तीस लहानमोठी डोंगरी संस्थाने एकत्र करून हा प्रांत बनवला गेला. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातले पहिले मतदान याच प्रांतातल्या चिनी तहसिलीत, म्हणजे आजच्या किन्नौर भागात, ऑक्टोबर १९५१मध्येच उरकावे लागले. बाकी देश मतदानाला निघेपर्यंत तिथल्या वाटा बर्फाने बंद झाल्या असत्या.

आपल्याशी संबंध येतो तो पुढच्या प्रकरणात. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग आपण मराठी माणसे कशी विसरणार? १९५५च्या ज्या अहवालाने विदर्भ वेगळा काढून आपल्याला द्विभाषिक मुंबई राज्य देऊ केले, त्याच अहवालाने हिमाचल पंजाबात विलीन करण्याची शिफारस केली. फरक एवढाच, की हिमाचलच्या बाबतीत खुद्द अध्यक्ष फाजल अली यांनीच भिन्नमत नोंदवले. विलीनीकरण टळले, पण किंमत मोजावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ला हिमाचल केंद्रशासित झाला आणि त्याची विधानसभा गेली. मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार पदावरून पायउतार झाले. स्वतःचे नाव राखण्यासाठी हाती असलेली विधानसभा सोडणे सोपे नव्हते. आपल्याकडे त्याच सुमारास रस्त्यावर गोळ्या झेलल्या जात होत्या. इकडे अर्ज, ठराव आणि दिल्लीच्या खेपा. कोणता मार्ग थोर, हे ठरवायच्या भरीला मी पडत नाही. पण या शांत लोकांना काही आयते मिळाले, असा जो समज इथे येण्यापूर्वी माझा होता, तो चुकीचा होता.

विधानसभा १९६३मध्ये परत मिळाली, आणि परमार पुन्हा मुख्यमंत्री झाले. गंमत अशी, की हिमाचलचा कारभार शिमल्यातून चाले, पण शिमला शहर पंजाबचे! म्हणजे ज्या रिजवर आम्ही कुडकुडत होतो ती जागाच मुळी १ नोव्हेंबर १९६६ला, पंजाबच्या पुनर्रचनेत, कांगडा, कुलू, लाहौल-स्पितीसह हिमाचलकडे आली. डिसेंबर १९७०मध्ये संसदेने कायदा केला आणि महिनाभरात तो बर्फाचा दिवस उजाडला.

आणि घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर? ते लाहोरला आहे. डिसेंबर १९२९मध्ये, रावीकाठच्या कडाक्याच्या थंडीत, काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि त्याच्या प्रतिज्ञेसाठी २६ जानेवारी १९३०चा रविवार ठरवला. पुढे राज्यघटना अमलात आणायला तोच दिवस निवडला गेला.

संचलन संपल्यावर त्या गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला. १९७१ साली ते शाळकरी होते; वडिलांच्या छत्रीखाली उभे होते, आणि छत्रीवरचा बर्फ झटकायचे काम त्यांच्याकडे होते. भाषणातले त्यांना काहीच आठवत नव्हते.

त्यानंतरच्या १ मेला आम्ही त्यांना घरी श्रीखंड-पुरीला बोलावले. जेवताजेवता त्यांनी विचारले, "आपका राज्य बना, उस दिन मौसम कैसा था?"

मी म्हणालो, "गर्मी थी। बहुत गर्मी थी।"