उदगीरचे जासूद आणि यमुनेचा उतार

उदगीरचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यास १७६० च्या आरंभीच्या मराठे-निजाम लढाईतील तोफांची आणि घोडदळाची कथा हटकून ऐकावयास मिळते; परंतु ज्या बातमीच्या आधारावर ती लढाई उभी राहिली, तिची कथा सांगणारा क्वचितच भेटतो.

१७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. नांदेड, कंधार, उदगीरचा मुलूख ज्यात मोडे, तो बेदर सुभा या सहांपैकीच एक. निजामाच्या आमिलांबरोबर पेशव्यांचे कमाविसदारही वसुलास येऊ लागले, आणि या दुहेरी अंमलाने रयत भरडून निघाली, हे खरेच; तथापि कोणत्या कसब्यात दाणावैरण किती, कोणत्या नदीस उतार कोठे आणि कोणत्या किल्लेदाराची शिबंदी पगारावाचून कुरकुरते आहे, हे जे वसुलासाठी जाणून घ्यावे लागे, तेच मोहिमेच्या वेळी लष्कराच्या कामी येई.

बातमी काढण्याच्या या विद्येची शाळा नव्हती. जासूद जोडीने धाडीत. जोडीतला जुना नव्यास वाटा दाखवी आणि, मला वाटते, पाहिलेले व ऐकलेले यांची सरमिसळ होऊ न देण्याची, वाटांहून बिकट अशी शिस्तही लावी. थैली शत्रूच्या हाती लागण्याचे भय नित्याचेच, म्हणून नाजूक मजकूर कागदावर न घालता मुखजबानीवर सोपवीत. तेव्हा पायांइतकीच स्मरणशक्तीही दांडगी असावी लागे. फडावर ही बातमी दरबारातील वकिलाच्या पत्रांशी ताडून पाहिली जाई, आणि खचित वर्तमान कोणते व बाजारगप्प कोणती, याचा निवाडा तेथे होई.

त्यात उदगीरच्या मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या पदरी इब्राहिमखान गारदी होता. निजामाची चाकरी सोडून आलेल्या या सरदारास तिकडच्या तोफखान्याचे बळ आणि वैगुण्य दोन्ही ठाऊक होते. धारूरच्या कुमकेकडे सरकणारे निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली औशाजवळ कोंडले गेले, ते काही योगायोगाने नव्हे. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख पदरात पडला.

तीच फौज मार्चमध्ये अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीवर परतूरहून उत्तरेस निघाली. १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला. २५ ऑक्टोबरास अब्दाली बागपतपाशी यमुना उतरू लागला, आणि भाऊंस हे कळून हालचाल करीतोपर्यंत तो त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. जासुदांच्या आळसावर खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. गोदाकाठी प्रत्येक परगण्यात बोली समजणारा देशपांडे आणि हिशेब राखणारा कमाविसदार होता. यमुनेपलीकडे अब्दालीच्या पक्षाच्या नजीबखानाचा अंमल, जमीनदार फटकून वागणारे आणि वाटाड्या मिळाला तरी त्याचा भरवसा नाही. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली जाण काही महिन्यांच्या कूचमुक्कामात नव्याने कोण कोणास शिकविणार?

पानिपतावरील १४ जानेवारी १७६१ च्या संहाराचे वर्तमानही नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या मुक्कामी प्रथम कळले ते एका सावकारी पत्रातून. सावकारांचे गुमास्ते उत्तरेच्या पेठापेठांतून कायमचे बसलेले होते.