दोन दुरावलेले मित्र आणि एक विलापिका

अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचे २२ फेब्रुवारी १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर निधन झाले. १ एप्रिलला सेंट पॅट्रिकच्या भव्य चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. तेथे जमलेल्या समुदायात लू रीड आणि जॉन केल हे दोन संगीतकार होते. दोघेही पंचेचाळिशीला पोहोचलेले. वीस वर्षांपूर्वी ते एकाच वाद्यवृंदात होते. पुढे त्यांच्यात धड बोलणेही उरले नव्हते. दिवंगताच्या स्मरणार्थ तुम्ही दोघांनी मिळून काही रचावे, असे जूलियन श्नाबेल या चित्रकाराने त्यांना सुचविले, आणि त्या सूचनेतून एप्रिल १९९० मध्ये ‘साँग्ज फॉर ड्रेला’ ही पंधरा गाण्यांची ध्वनिमुद्रिका जन्मास आली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या राजरस्त्यापासून दूर, आडवाटेवर निर्माण झालेल्या ज्या मोजक्या संयुक्त कृती आम्ही आवडीने पुनःपुन्हा ऐकत आलो, त्यांत हिला आम्ही पहिले स्थान देतो. ही आमची आवड काहीशी पक्षपाती असेलही. पण तिला कारणे आहेत, आणि ती सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

जॉन केल हा वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या मुलखातला, गार्नंट गावच्या एका खाणकामगाराचा मुलगा. त्याच्या घरात आजीचा दंडक असा की, वेल्श सोडून दुसरी भाषा बोलायची नाही. आणि वडिलांना तर इंग्रजीच येत असे. शाळेत जाऊन इंग्रजी शिकेपर्यंत, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापर्यंत, या बापलेकांत सरळ संभाषण होऊ शकत नव्हते. (बदलीच्या गावी ज्यांची मुले घरात एक, शाळेत दुसरी आणि अंगणात तिसरी भाषा बोलतात, त्या आमच्या वाचकांस या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको.) लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात संगीताचे शिक्षण घेऊन केल १९६३ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला, आणि त्याच वर्षी जॉन केजने योजिलेल्या एका विलक्षण मैफलीत वादक म्हणून बसला. एरिक साती याची एक छोटीशी पियानोरचना त्या मैफलीत वादक बदलून बदलून ८४० वेळा, अठरा तासांहून अधिक काळ वाजविण्यात आली.

तेथून तो ला माँट यंग या रचनाकाराच्या मेळात शिरला. येथे आमच्या श्रोत्यांच्या कानांस परिचित असा एक धागा हाती लागतो. उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ साली अमेरिकेत निघालेली ध्वनिमुद्रिका यंगने ऐकली होती, आणि तिच्यातील सरोदाइतकाच मागे चाललेला तंबोराही त्याच्या मनात घर करून राहिला होता. एकच स्वर तासन् तास धरून ठेवावयाचा आणि त्याच्या पोटातून उमटणारे इतर स्वर ऐकावयाचे, हा त्या मेळाचा उद्योग. यंग पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, आणि याच खाँसाहेबांची तालीम आपल्या हिराबाई बडोदेकरांनाही मिळाली होती. केलने यंगचा मेळ सोडला तो मात्र त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा त्याला किराण्याचा दूरचा वारस ठरविणे म्हणजे ओढूनताणून नाते जोडणे होईल. पण त्याने आपल्या व्हायोलाची घोडी कानशीने सपाट केली होती, ती तीन-चार तारा एकदम वाजाव्यात म्हणून. त्या वाद्याचा जाड, खरखरीत, न थांबणारा नाद ऐकताना मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला परके वाटत नाही, एवढे मात्र आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

लू रीड हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. दोघांचाही जन्म मार्च १९४२ चा, अवघ्या एका आठवड्याच्या अंतराने. १९६४ मध्ये रीड पिकविक नावाच्या कंपनीत पगारावर गाणी लिहीत असे. बाजारात जे चालेल त्याची स्वस्त नक्कल करणे हे त्याचे काम. त्यांतल्या ‘ऑस्ट्रिच’ या थिल्लर नृत्यगीतासाठी त्याने गिटारच्या साऱ्या तारा एकाच स्वरात लावल्या होत्या. ते गाणे रंगमंचावर वाजविण्यासाठी माणसे हवी होती म्हणून केलला बोलावण्यात आले, आणि ती गिटार पाहून तो चकित झाला. यंगच्या मेळात जे गंभीर तपश्चर्येने चालले होते, ते हा पगारी गाणीकार थट्टेथट्टेत करून बसला होता! या योगायोगातून ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा वाद्यवृंद उभा राहिला. स्टर्लिंग मॉरिसन आणि मॉरीन टकर हे त्यातील अन्य दोघे.

१९६५ च्या अखेरीस वॉरहॉलने त्यांना एका कॅफेत ऐकले आणि आपल्या पंखाखाली घेतले. वॉरहॉलही मूळचा बाहेरचाच. पिट्सबर्ग या पोलादाच्या गावात, आजच्या स्लोव्हाकियातून आलेल्या गरीब रुसिन कुटुंबात तो जन्मला, आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कला येऊन जाहिरातींची चित्रे काढू लागला. सूपच्या डब्यांच्या चित्रांनी १९६२ मध्ये त्याचे नाव झाले. ‘फॅक्टरी’ नावाच्या त्याच्या चित्रशाळेच्या भिंती रुपेरी होत्या, आणि दार कोणासही उघडे असे. मार्च १९६७ मध्ये निघालेल्या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर त्याने काढलेले केळे आहे, आणि निर्माता म्हणून त्याचे नावही आहे. संगीत-तंत्रातले त्याला फारसे काही कळत नसे. पण तो तेथे होता म्हणून कोणी या पोरांना ‘असे वाजवू नका’ म्हणण्यास धजले नाही. आश्रयदात्याने याहून अधिक काय द्यावे?

परंतु त्याच वर्षी रीडने त्याला व्यवस्थापकपदावरून दूर केले. ३ जून १९६८ रोजी व्हॅलरी सोलानास या स्त्रीने वॉरहॉलवर पिस्तूल झाडले. तो मरता मरता वाचला, पण ती जखम त्याला जन्मभर पुरली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रीडने केललाही वृंदाबाहेर काढले. म्हणजे १९८७ च्या प्रार्थनेस आलेल्या त्या दोघांपैकी एकाने दिवंगताला दूर लोटले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्रालाही.

‘ड्रेला’ हे वॉरहॉलचे टोपणनाव. ड्रॅक्युला आणि सिंड्रेला या दोन नावांची सांधजोड. ते त्याला आवडत नसे. ज्याच्या ऋणातून उतराई व्हावयाचे त्याच्याच नावडत्या नावाने कृतीला हाक मारावयाची, यात लाडिकपणा आहे तसाच एक बोचकाराही आहे, आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा स्वभाव असाच आहे. जानेवारी १९८९ मध्ये ब्रुकलिनमधील सेंट अ‍ॅन चर्चमध्ये तिचा कच्चा आराखडा ऐकविण्यात आला. वर्षअखेरीस ब्रुकलिन अकादमीच्या रंगमंचावर ती पूर्ण रूपात सादर झाली. मंचावर दोघेच. रीडची गिटार, केलचा पियानो, अन्य स्वरपट्टीची वाद्ये आणि व्हायोला. तालवाद्य नाही. ढोल-झांजांच्या आधाराविना इतक्या लांबीचे लोकप्रिय संगीत पेलून धरणे सोपे नव्हे, आणि या दोघांनी ते पेलले आहे.

‘गीतरामायणा’त जशी गाणी निरनिराळ्या पात्रांच्या मुखी घातली आहेत, तशी येथे बहुतेक गाणी एकाच पात्राच्या, म्हणजे वॉरहॉलच्या, मुखी आहेत, मात्र ती गाणारे दोघे. आरंभीच्या ‘स्मॉलटाउन’मध्ये लहान गावातून सुटू पाहणारा पोरगा बोलतो, आणि केलचा पियानो त्याच्या पावलांबरोबर उड्या मारीत चालतो. ‘स्टाइल इट टेक्स’ हे केलने गायिलेले गीत आम्हांस सर्वांत गोड वाटते. ‘इमेजेस’मध्ये तो जुना सपाट घोडीचा व्हायोला पुन्हा गर्जतो. ‘ट्रबल विथ क्लासिसिस्ट्स’ मात्र आम्हांस कधीच फारसे रुचले नाही. त्यात कल्पनेहून टिप्पणीच अधिक आहे.

‘वर्क’ या गाण्याशी सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकाने क्षणभर थांबावे. त्यात रीड स्वतःच्या तोंडाने बोलतो. वरिष्ठ विचारतात, किती गाणी लिहिलीस? लिहिलेले असते शून्य. तो दडपून दहा सांगतो. आणि उत्तर येते की, पंधरा लिहावयास हवी होतीस. टिपणीवर आकडा मागणारा साहेब आणि तो फुगवून सांगणारा कनिष्ठ, ही जोडी कोणत्या कचेरीत नाही? पुढे तोच कनिष्ठ साहेबाला काढून टाकतो, आणि संतापलेल्या साहेबाला त्या वेळी सुचलेली सर्वांत वाईट शिवी ‘उंदीर’ एवढीच असते. या ध्वनिमुद्रिकेतील गाणी मोजली तर ती बरोबर पंधरा भरतात. हे मुद्दाम केलेले आहे की सहज घडले, यावर आम्ही काही म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी ते आमच्या ध्यानात येते.

‘अ ड्रीम’ हे साडेसहा मिनिटांचे गद्य. वॉरहॉलच्या रोजनिशा १९८९ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या होत्या. त्यांच्याच बोलीत ते रचलेले आहे, आणि केल ते आपल्या वेल्श हेलात, अगदी हळू आवाजात वाचतो. जुने दोस्त भेटत नाहीत, लू फोन करीत नाही, त्याने लग्नालासुद्धा बोलावले नाही, अशी ती गाऱ्हाणी. ध्यानात घ्यावे की, हे आरोप ज्याच्यावर आहेत तो समोरच गिटार घेऊन बसलेला आहे, आणि ते उच्चारणाऱ्या माणसाचेही त्याच्यावर स्वतःचे असे एक गाऱ्हाणे आहे, जे त्याने येथे उच्चारलेले नाही. मेलेल्याच्या तोंडून जिवंत माणसाने जिवंत माणसाला सुनावावे, आणि ऐकणाऱ्याने मान खाली घालून साथ करावी, असा प्रसंग आम्ही अन्य कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत ऐकलेला नाही. शेवटच्या ‘हॅलो इट्स मी’मध्ये रीड उत्तर देतो. तेथे तो वॉरहॉलशी प्रथमच सरळ बोलतो, क्षमा मागतो, आणि क्षमा मागता मागता रोजनिशीतल्या वाक्यांनी आपल्याला कसे डागले हेही ऐकवून घेतो. पूर्ण शरणागती त्याच्या स्वभावातच नव्हती. म्हणूनच ही क्षमायाचना खरी वाटते.

‘आय बिलीव्ह’बद्दल रसिकांत मतभेद आहेत. त्यात रीड गोळी झाडणाऱ्या स्त्रीला देहान्त शिक्षा मागतो, आणि ती आपल्या हाताने देण्याची तयारी दाखवितो. सोलानासला मनोविकार होता, आणि ती शिक्षा भोगून सुटलीही होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर या गाण्याने काटा येतो. आमच्या मते ते क्रूर आहे, आणि तरीही गाळण्याजोगे नाही. कारण त्याच्या पोटात दुसराच एक सल आहे. इस्पितळात पडलेल्या माणसाने ‘तू भेटायला का आला नाहीस’ असे विचारलेले आहे. इतरांवरचा एवढा राग बहुधा त्या प्रश्नातून निघालेला आहे.

श्रेय कोणाचे किती, हा संयुक्त कृतींचा नित्याचा तंटा. ध्वनिमुद्रिकेसोबतच्या आपल्या टिपणात केलने बहुतेक काम रीडने केल्याचे म्हटले आहे, आणि त्याने आपल्याला सन्मानाचे स्थान राखू दिले असेही. वाक्य नम्र आहे. पण ते दुसऱ्यांदा वाचताना दातांखाली खडा येतो. आम्ही मात्र कानांचीच साक्ष मानतो. शब्दांचा मोठा वाटा रीडचा असेल. परंतु त्या शब्दांभोवती जो मोकळा अवकाश आहे, ज्यात दुःखाला बसावयास जागा मिळते, तो केलचा आहे. रीडच्या एकट्याच्या हाती ही कृती भाषण झाली असती.

डिसेंबर १९८९ मध्ये एड लॅकमन याने प्रेक्षकांविना, रिकाम्या नाट्यगृहात या प्रयोगाचा चित्रपट घेतला. त्यात दोघे समोरासमोर बसलेले दिसतात, आणि मोजकेच क्षण एकमेकांकडे पाहतात. पुढच्या जूनमध्ये फ्रान्समधील वॉरहॉल-प्रदर्शनात जुना वृंद क्षणमात्र एकत्र आला; १९९३ मध्ये त्याने युरोपचा दौराही केला, पण अमेरिकेचा दौरा ठरण्यापूर्वीच रीड आणि केल पुन्हा भांडले. १९९५ मध्ये मॉरिसन गेला. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी रीडही गेला. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेस, केलने आपल्या १९८२ मधील ‘इफ यू वेअर स्टिल अराउंड’ या गाण्याला नवे रूप देऊन ते त्याच्या स्मरणार्थ प्रसिद्ध केले.