ब्राउझरांची स्पर्धा आणि मराठी वाचक

जातें घरोघर फिरत होतें आणि मोट विहिरीविहिरीवर चालत होती तोंवर त्यांचा इतिहास कोणी विचारला नाहीं. तीं अडगळींत पडलीं तेव्हां अभ्यासकांचें लक्ष तिकडे वळलें. नित्याच्या साधनांचें भाग्य बहुधा असेंच असतें. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर ज्याच्या द्वारें आपण इंटरनेटचीं पानें वाचतों, त्या ब्राउझराची स्थिति आज अशीच आहे. ‘न्याहाळक’ असा नेटका मराठी शब्द त्यास कांहीं जाणत्यांनीं योजिला आहे. परंतु लोकांच्या तोंडीं ब्राउझर हाच शब्द बसला असल्यामुळें आम्हीही तोच चालवितों.

‘कोणता ब्राउझर चांगला?’ हा प्रश्न घराघरांत निघतो, आणि त्याचें उत्तर तीन कसोट्या लावून देण्याचा प्रघात आहे: वेग, सोयी आणि मेळ. मेळ म्हणजे पान ज्या रीतीनें रचिलें असेल त्या रीतीनें तें वाचकापुढें मांडण्याची पात्रता. बहुतेक परीक्षक वेगास पहिलें स्थान देतात. आमच्या मतें मराठी वाचकापुरता हा क्रम उलटा आहे. मेळ नसेल तर वेग व्यर्थ, आणि मेळ हा एकट्या ब्राउझराचा गुण नसून पान रचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरही तो अवलंबून असतो. गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास हीच साक्ष देतो.

पुणें जिल्ह्यांतील वाचकांस ह्या विषयांतील दोन मूळ प्रश्न दौंड व शिरूर ह्या तालुक्याच्या दोन गांवांवरून चटकन् उमजतील. दौंड हें रेल्वेचें जंक्शन. तेथून सोलापूरकडे व मनमाडकडे जाणारे मार्ग रुंदमापी. परंतु बारामतीचा फांटा अनेक वर्षें अरुंदमापी होता. त्यामुळें ह्या फांट्यावरील माल पुढें धाडावयाचा तर तो दौंडास एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावा लागे. इंजिन कितीही जोरकस असलें तरी रुळांचें माप जुळल्यावांचून तें निरुपयोगी, हा दौंडचा धडा. घोडनदीच्या कांठचें शिरूर रेल्वेमार्गावर नाहीं. तेथें येणाऱ्याजाणाऱ्यांची सारी भिस्त रस्त्यावर. वाट कशी आहे त्यावर प्रवासाची गति ठरते, हा शिरूरचा धडा. मापाचा प्रश्न आणि वाटेचा प्रश्न, हे दोन्ही ब्राउझरांच्या इतिहासांत पुनःपुन्हां पुढें येतात.

सन १९९० मध्यें जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं पहिला ब्राउझर रचिला. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ‘मोझॅक’ निर्माण झाला आणि सामान्य जनांचें लक्ष इकडे वेधलें. त्याच्या कर्त्यांपैकीं मार्क अँड्रीसन प्रभृतींनीं १९९४ च्या अखेरीस ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ बाजारांत आणिला. १९९५ च्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ काढिला. आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्यांकरितां इंटरनेटची सेवा सुरू केली. म्हणजे आपल्या देशाचा ह्या जगांत प्रवेश झाला तो युद्धाच्या ऐन तोंडीं. दोन्ही पक्ष आपापल्या खास खुणा पानांच्या भाषेंत घुसडूं लागले, आणि ‘हें पान अमुक ब्राउझरांतच उत्तम दिसेल’ अशा पाट्या पानोपानीं झळकूं लागल्या. विंडोजबरोबर एक्स्प्लोरर फुकट मिळूं लागल्यावर नेटस्केपचा निभाव लागणें कठीण झालें. १९९८ सालीं अमेरिकन सरकारनें मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला खरा, परंतु त्याच वर्षीं नेटस्केप दुसऱ्या कंपनीस विकली जाण्याचें ठरलें.

ह्या युद्धांत इंग्रजी वाचकाचें नुकसान झालें तें मांडणीपुरतें. त्याची अक्षरें शाबूत राहिलीं. मराठी वाचकाचीं अक्षरेंच पणास लागलीं. मराठी वृत्तपत्रांनीं त्या सुमारास इंटरनेटवर पाऊल ठेविलें तेव्हां रोमन अक्षरांकरितां नेमलेल्या खणांत देवनागरीचे अवयव बसवावयाचे, अशी युक्ति रूढ होती. ज्या त्या पत्राचा टंक निराळा. तो टंक आपल्या यंत्रावर असेल तर मराठी दिसे. नसेल तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी. ह्यावर उपाय म्हणून पानाबरोबरच टंक पाठविण्याची सोय १९९७ च्या सुमारास निघाली. परंतु तिचे सांचे दोन. एक्स्प्लोररचा सांचा नेटस्केपास चालेना आणि नेटस्केपचा एक्स्प्लोररास चालेना. दौंडच्या फलाटावरची चढउतार ती हीच.

ह्यांतून खरी सुटका केली ती कोणत्याही ब्राउझरानें नव्हे, तर एका सामायिक मापानें. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ ह्या नांवाची संकेतपद्धति १९८० नंतरच्या दशकांत सिद्ध झाली व १९९१ मध्यें भारतीय मानक म्हणून मान्य झाली. कानपूरच्या आय्. आय्. टी. मध्यें आरंभिलेलें ह्या विषयांतील काम पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलें, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास भूषणावह आहे. १९९१ सालींच निघालेल्या यूनिकोड ह्या जागतिक संकेतांत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारें केली गेली. पुढें विंडोज २००० मध्यें हा संकेत आला, आणि त्याबरोबर कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांच्या हातचा ‘मंगल’ टंकही आला.

तथापि माप ठरलें म्हणून रूळ लगेच बदलत नाहींत. २००१ च्या विंडोज एक्सपी मध्यें भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागे व त्याकरितां मूळ तबकडी हाताशीं हवी. ह्याच काळांत एक्स्प्लोररचें साम्राज्य निष्कंटक झालें होतें, आणि निष्कंटक राज्याचा जो परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्याची ६ वी आवृत्ति २००१ मध्यें निघाली. ७ वी येण्यास २००६ उजाडलें. मधल्या काळांत, ९ नोव्हेंबर २००४ रोजीं, नेटस्केपच्या राखेंतून उठलेल्या मोझिला मंडळीनें ‘फायरफॉक्स’ प्रसिद्ध केला. एकाच खिडकींत अनेक पानें उघडण्याची सोय, आगंतुक जाहिरातींस अटकाव, आणि कोणीही रचून जोडाव्या अशा पुरवण्या हे त्याचे गुण. ‘पद्म’ नांवाची एक पुरवणी तर निरनिराळ्या जुन्या टंकांतील भारतीय मजकूर यूनिकोडांत उलगडून दाखवी. परंतु वर सांगितलेली लिप्यांची सोय चालू नसलेल्या एक्सपी यंत्रावर फायरफॉक्सच्या २ ऱ्या आवृत्तींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें न बसतां पुढें जाऊन बसे. उलट त्याच यंत्रावर एक्स्प्लोरर तीच अक्षरें नीट दाखवी. २००८ च्या ३ ऱ्या आवृत्तीनें हा दोष काढून टाकिला. तज्ज्ञांनीं ज्यास श्रेष्ठ म्हटलें तो ‘किती’ आणि ‘स्थिति’ ह्या शब्दांशीं अडखळला, आणि ज्यास सर्वांनीं नांवें ठेविलीं तो उत्तीर्ण झाला. परक्यांच्या कसोटीनें घेतलेली परीक्षा आपल्यास पुरत नाहीं, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

२ सप्टेंबर २००८ रोजीं गूगलचा ‘क्रोम’ अवतरला आणि वेग हा परवलीचा शब्द झाला. पानांतील आज्ञावलि झपाट्यानें चालविणारें नवें यंत्र त्यांत होतें, आणि एक पान कोलमडलें तरी शेजारचें शाबूत राहावें अशी व्यवस्था होती. ही प्रगति खरी होती. परंतु वेग दोन प्रकारचा असतो: पान हातीं आल्यावर तें मांडण्याचा, आणि पान हातीं येण्याचा. शहरांत पहिल्याची चर्चा चाले. तालुक्याच्या गांवीं दुसऱ्याचीच विवंचना असे.

ही विवंचना ओळखिली ती नॉर्वेच्या ‘ऑपेरा’ कंपनीनें. २००६ मध्यें जगभर खुल्या झालेल्या ‘ऑपेरा मिनी’ची रीत अशी कीं, मागितलेलें पान प्रथम कंपनीच्या दूरच्या यंत्रावर जाई, तेथें आंवळून लहान होई आणि मग साध्या भ्रमणध्वनीवर येई. ज्या फोनांत देवनागरी मुळींच नव्हती त्यांवर मराठी पानांच्या जागीं नुसते चौकोन दिसत. पण ऑपेरा मिनीच्या एका आडबाजूच्या मांडणींत अवघड लिप्या चित्ररूपानें मागविण्याची सोय होती, आणि ती चालू करितांच चौकोनांचीं अक्षरें होत. त्याचें मोल दोन प्रकारें द्यावें लागे: चित्रांचें वजन अक्षरांहून अधिक, आणि वाचकाचा सारा मजकूर मधल्या कंपनीच्या हाताखालून जाणार. बँकेचें पान अशा वाटेनें उघडावें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणी विचारिला नाहीं. पुढें चिनी ‘यूसी ब्राउझर’नेंही हाच मार्ग धरून भारतांत मोठा प्रसार मिळविला, २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत त्याचा समावेश होता. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन वाटच रुंद झाली, आणि आंवळून पान देणाऱ्या ब्राउझरांचें महत्त्व आपोआप ओसरलें.

वाट रुंद झाली तरी मापाचा प्रश्न सुटला नाहीं. तो सरकारी पानांवर येऊन ठेपला. १ मे २०१८ रोजीं राज्य शासनानें अंकीय स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ केला. विभाग, जिल्हा, तालुका, गांव असें क्रमानें निवडीत गेलें म्हणजे शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा उतारा घरीं पाहतां येतो. ह्या सुधारणेचें मोल ज्यानें तलाठ्याच्या कचेरीपुढें दिवस मोडले त्यासच कळेल. परंतु अशीं पानें एकाच ब्राउझरास धरून रचिलीं तर काय होतें, हें निविदांच्या व स्वाक्षरीच्या पानांवरून दिसून आलें. अंकीय स्वाक्षरी करण्यासाठीं अशा अनेक पानांस ब्राउझरांतील जावाचें साहाय्य लागे. तें क्रोमनें २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें २०१७ मध्यें काढून टाकिलें. मग एकट्या त्या कामासाठीं जुना एक्स्प्लोरर जपून ठेवणें आलें. आणि १५ जून २०२२ रोजीं खुद्द मायक्रोसॉफ्टनेंच एक्स्प्लोररचा आधार काढून घेतला. ब्राउझर बदलतात, कंपन्या मार्ग बदलतात; आणि मधल्यामध्यें खेटा पडतो तो नागरिकास.

येथें कोणी म्हणेल कीं, सर्वांनीं एकच ब्राउझर घ्यावा म्हणजे मेळाचा प्रश्न मिटला. आज जवळजवळ तशीच स्थिति आली आहे. जगांतील ब्राउझरांचा सुमारें दोन-तृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे. ऑपेरानें २०१३ मध्यें व मायक्रोसॉफ्टच्या ‘एज’नें २०२० मध्यें आपलें यंत्र टाकून क्रोमचेंच अंगिकारिलें, ‘ब्रेव्ह’ व ‘विवाल्डी’ ह्यांच्याही पोटांत तेंच आहे. निराळें यंत्र बाळगणारे ठळक असे दोनच उरले: ॲपलचा ‘सफारी’ आणि मोझिलाचा फायरफॉक्स. परंतु एकाच राज्याचें फळ काय, हें २००१ ते २००६ ह्या काळानें दाखविलें आहे. पान रचणारे त्या एकासाठींच रचूं लागतात, तो एक सुस्त झाला तर सारें सुस्तावतें, आणि त्याच्या मालकाचा स्वार्थ तोच सर्वांचा नियम होऊन बसतो. समाधानाची गोष्ट इतकीच कीं २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला हे प्रतिस्पर्धी मेळ वाढविण्याच्या ‘इंटरॉप’ नामक कार्यांत दरसाल एकत्र बसतात. ज्यांनीं एके काळीं निरनिराळे सांचे पाडले त्या धंद्याचे वारस आज एका मापाची भाषा बोलूं लागले आहेत.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं दोन शब्द. वेगांत आजच्या मुख्य ब्राउझरांमध्यें इतकें थोडें अंतर उरलें आहे कीं घरगुती कामांत तें बहुधा जाणवत नाहीं. सोयींचें म्हणाल तर, जाहिरातदारांचा पाठलाग नको असेल त्यास फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह अधिक मानवेल. विंडोजच्या यंत्रावर एज आयताच असतो. ॲपलच्या फोनावर सफारी सर्वांत स्वाभाविक. क्रोम व फायरफॉक्स दोहोंचीही बोलीचाली मराठींत करून घेतां येते. मेळाची परीक्षा मात्र ज्यानें त्यानें घरींच घ्यावी: ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द नीट उमटतात कीं नाहीं पाहावें, आणि आपल्या तालुक्याचा सातबारा उघडून पाहावा. दोन भिन्न यंत्रांचे ब्राउझर घरांत ठेवावे, म्हणजे एकानें दगा दिला तर दुसरा कामास येतो.

आणि जें पान एका ब्राउझरांत दिसतें व दुसऱ्यांत दिसत नाहीं, त्याचा दोष आपल्या यंत्राच्या किंवा अज्ञानाच्या माथीं न मारतां तें पान काढणाऱ्या कचेरीस पत्रानें कळवावा. सरकारी पान सर्वांच्या पैशांतून होतें. तें सर्वांस वाचतां आलें पाहिजे, असें म्हणण्याचा अधिकार शिरूरच्या शेतकऱ्यास आणि दौंडच्या विद्यार्थ्यास मुंबईच्या व्यापाऱ्याइतकाच आहे.