झाकलेला लाल कपडा

जानेवारी 2012. कडेगावच्या बाजूच्या फडातून कराडकडे निघालेली आमची उसाची डबल ट्रॉली. मी तेव्हा वीस वर्षांचा, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेलो. त्या रात्री जे घडलं, त्यात चूक आमची होती. म्हणून एकेक तास आठवून लिहितो आहे.

नऊ महिने आधी, एप्रिल
हंगाम संपला. दोन्ही ट्रॉल्या लिंबाखाली उभ्या केल्या, त्या दिवाळीपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. टायर एकाच बाजूवर दबलेले, वरून ऊन आणि पाऊस. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. उसाच्या ट्रॉलीचं दुखणं हेच : महिनोन्महिने उभं राहायचं आणि मग एका दिवसात पुरता भार ओढायचा.

सकाळी 7.40, चौदा तास आधी
बीडकडच्या टोळीने फड धरला. कोयते चालू झाले. मी ट्रॉलीभोवती फिरून प्रत्येक टायरला लाथ मारली. टण् आवाज आला की हवा आहे, अशी आमची तपासणी. लाथेला फक्त रिकामा टायर कळतो, कमी हवेचा कळत नाही.

सकाळी 11.00, साडेदहा तास आधी
हवा भरायला गेलो. पंक्चरवाल्याने मागच्या ट्रॉलीच्या डाव्या मागच्या टायरवर बोट ठेवलं. बाजूला सुपारीएवढा फुगा आला होता. “दादा, आतले धागे तुटलेत. हा आजच बदला.” मी घरी आबांना फोन केला. आबा म्हणाले, “एवढी खेप होऊ दे.” टायर ट्रकचा उतरवलेला, रिमोल्ड केलेला. वरची नक्षी नवी कोरी, त्यामुळे आम्हालाही तो नवाच वाटायचा.

दुपारी 3.30, सहा तास आधी
फळीवरून डोक्यावर मोळ्या घेऊन बायका-माणसं वर चढत होती. भर पुरा झाला तरी आम्ही आणखी दोन थर चढवायला लावले. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस असेल. मागच्या ट्रॉलीतले शेंडे वीतभर बाहेर आले आणि फाळक्यावर लोंबले. त्याच फाळक्यावर हंगामाच्या सुरुवातीला मिळालेला लाल कापडी रिफ्लेक्टर बांधलेला होता. तो झाकला गेला. मी ते पाहिलं आणि दोर आवळायला लागलो.

संध्याकाळी 5.15, साडेचार तास आधी
निघालो. स्टेपनी घरीच होती.

संध्याकाळी 6.45, तीन तास आधी
चहाला थांबलो. दिवस मावळला होता, हवेत गारठा होता. मी सहज त्या टायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. शेजारचा कोमट होता, हा तव्यासारखा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि उलगडते. त्या घडीमोडीतून उष्णता तयार होते, आणि उष्णतेने रबर आतल्या धाग्यांना सोडतं. पुरा भार, जुनं रबर, कमी हवा : तिन्ही एकत्र आले होते. अर्धा तास टायर गार होऊ दिला असता आणि माणूस पाठवून दुसरा आणला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी अण्णांना सांगितलं. अण्णा आमचे जुने ड्रायव्हर. ते म्हणाले, “घाट उतरला की बघू.”

रात्री 8.10, दीड तास आधी
सुर्ली घाट. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. मागचं सगळं ओझं ट्रॅक्टरने धरायचं. रबर जळाल्यासारखा वास आला. टेप मोठ्याने चालू होता.

रात्री 8.25, सव्वा तास आधी
घाटाखालच्या वळणावर सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. ट्रॉली डावीकडे बसली, पण उलटली नाही. कुणालाही खरचटलं नाही. अण्णांनी हात जोडले. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

रात्री 8.40, एक तास आधी
भरल्या ट्रॉलीला आमचा जॅक पुरेना. अण्णांनी पिन काढून मागची ट्रॉली सोडली. निम्मी डांबरावर, निम्मी साइडपट्टीवर. मागे चार दगड मांडले, एक झुडूप तोडून ठेवलं आणि आम्ही दोघंही टायर आणायला ओगलेवाडीकडे निघालो. दिवा नाही, माणूस नाही. शेंडे बाजूला करून तो लाल कपडा मोकळा करायला एक मिनिट लागलं असतं.

रात्री 9.40
कराडहून नव्हे, घाट उतरून एक मोटरसायकल आली. वळण संपलं आणि समोर काळोखात काळा ऊस.

आम्ही दहा वाजून गेल्यावर पोचलो. लोक जमले होते. रस्त्यावर जेवणाचा डबा उघडा पडला होता, भाकरी तशीच होती. तो माणूस रात्रपाळीला निघाला होता.

पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी फुटलेल्या टायरवर बॅटरी मारली. बाजूवरचे शेवटचे चार आकडे 1403. म्हणजे 2003 सालचा चौदावा आठवडा. आठ वर्षांहून जुना टायर आम्ही नवा समजून चालवत होतो. वाहन धोक्याच्या जागी सोडून जाणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली गुन्हा आहे, हेही त्याच रात्री कळलं.

पण टायरने त्याला मारलं नाही. आम्ही अंधारात उभ्या केलेल्या ट्रॉलीने मारलं.

आता आमची ट्रॉली हंगाम नसताना ठोकळ्यांवर असते, टायर झाकलेले असतात. ते थंड असतानाच मीटरने हवा मोजतो. वर्षाचे आकडे वाचतो. स्टेपनी आणि मोठा जॅक बरोबर असतो. बंद पडलीच, तर एक माणूस बॅटरी घेऊन मागे लांब, वळणाच्याही अलीकडे उभा राहतो, आणि तो जागा सोडत नाही. निघताना शेंडे छाटून लाल कपडा मी स्वतः पुसतो.

याला वेळ जातो. खेप उशिरा पोचली की ऊस वाळतो आणि काट्यावर वजन थोडं घटतं. आमचं नुकसान एवढंच होतं.