आधी बैठक, मग आरसा

आकाशाची छायाचित्रं काढायला परावर्तक दुर्बीण कोणती घ्यावी, असं हौशी मंडळी मला विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : 'आरसा केवढा?' मीही एकदा मोठ्या आरशाला भुललो होतो. लटपटत्या स्टँडवरच्या त्या दुर्बिणीतून फोटोत ताऱ्यांच्या जागी शेवयाच उमटल्या! तेव्हा मला अँड्र्यू कॉमन यांची गोष्ट नीट कळली.

कॉमन पेशाने इंजिनिअर; आकाशनिरीक्षण हा छंद. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये घरच्या बागेत त्यांनी ३६ इंची दुर्बीण उभारली. आरसा घडवला जॉर्ज कॅल्व्हर यांनी; बैठकीची रचना मात्र कॉमन यांची स्वतःची. पृथ्वी फिरते, म्हणून छायाचित्र घेताना दुर्बिणीलाही ताऱ्यामागे संथ, न अडखळता फिरावं लागतं. घर्षण कमी व्हावं म्हणून त्यांनी दुर्बिणीचा अवजड अक्ष चक्क पाऱ्यात तरंगता ठेवला आणि घड्याळासारख्या यंत्राने फिरवला. जानेवारी १८८३ मध्ये त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो ३७ मिनिटं प्रकाश साठवून घेतला. नुसत्या डोळ्यांनी दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात उमटले होते! १८८४ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

आज पारा नको. मोटार बसवलेली विषुववृत्तीय बैठक बाजारात मिळते. म्हणून सांगतो, आरसा सहा इंची असला तरी चालेल, पण बैठकीवर हात आखडू नका. आणि कॅमेरा लावल्यावर प्रतिमा स्पष्ट होते ना, हे दुकानातच पाहून घ्या. शेवया ताटातच बऱ्या!