बेडकाच्या पायातल्या पेशी

"मावशी, वजनं उचलली की स्नायूचे धागे तुटतात आणि जाड होऊन जुळतात," भाचा परवा ठासून सांगत होता. मला आठवला १९६१ सालचा बेडूक!

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत होते. स्नायूतंतू आणि त्याचं पातळ आवरण यांच्या मधे चिकटून बसलेल्या चिमुकल्या पेशी दिसल्या. नाव ठेवलं सॅटेलाइट सेल. दुखावलेला स्नायू यांच्यामुळेच भरून येत असेल का, ही शंकाही त्यांनी तेव्हाच मांडली. लेख जेमतेम तीन पानांचा!

तंतूतली केंद्रकं स्वतः विभागत नाहीत. वाढत्या उंदरांत नवी केंद्रकं या पेशीच पुरवतात, हे १९७१ मध्ये दिसलं. मग व्यायामाने येणाऱ्या पिळदारपणाचं श्रेयही त्यांच्याच खात्यात गेलं.

२०११ मध्ये केंटकीच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांतल्या या पेशी जवळजवळ संपवल्या आणि स्नायूवर दोन आठवडे जादा भार टाकला. तरी स्नायू वाढला! दुखापत मात्र भरून येईना. पुढे, २०१७ मध्ये, वाढत्या वयाच्या उंदरांत या पेशींवाचून वाढही अडलेली दिसली. असो, वाद चालूच आहे.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. म्हणतो, "मग प्रोटीन किती घेऊ?"